पाच वाट्या

“सुकं खोबरं आहे का बॅगेत?”

काउंटरवरच्या मुलीने हा प्रश्न आज रात्रीत कितीदा विचारला असेल कोण जाणे. पॉवर बँक, लायटर, फटाके, खोबरं अशी तिची यादी पाठ आहे. समोरच्या फलकावर या सगळ्यांची चित्रं आहेत, त्यात नारळाची अर्धी वाटीही आहे. बहुतेक प्रवासी मान हलवून ‘नाही’ म्हणतात आणि बॅग पट्ट्यावर ठेवतात. माझ्या पुढच्या आजी म्हणतात, “आहे की. पाच वाट्या.”

मुंबई विमानतळ, टर्मिनल दोन, चौथा मजला, रात्रीचे साडेअकरा. युरोपला आणि आखाताला जाणारी बरीच विमानं इथून मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात, त्यामुळे बाकीचं शहर दिवे मालवतं तेव्हा हा मजला गजबजायला लागतो. 2014 साली हे टर्मिनल सुरू झालं. मोरपिसाऱ्याची आठवण देणारे पांढरे खांब वर जाऊन छतभर उलगडलेत. पहिल्यांदा येणारा माणूस आत शिरला की मान वर करून थांबतोच. आजी थांबलेल्या नाहीत. त्यांचे डोळे बॅगेवर आहेत.

“ते काढावं लागेल, आजी. विमानात चालत नाही.”

“हातातल्या पिशवीत घेते मग.”

“पिशवीतही नाही आणि बॅगेतही नाही.”

आजी अंजनवेलच्या, गुहागर तालुक्यातल्या. न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणासाठी निघाल्यात, एकट्या, आयुष्यात पहिल्यांदा. फ्रँकफर्टला विमान बदलायचंय. पाय धड आहेत, पण लेकीने तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागवली. या रांगेत अशा सात-आठ खुर्च्या दिसतात. त्यांत बसलेल्या कितीतरी आईबापांना चालायला काही अडचण नसावी. त्यांना हवी असते वाट दाखवणारी, परक्या भाषेत त्यांच्या वतीने बोलणारी सोबत. मला ही फार शहाणपणाची सोय वाटते.

खुर्ची ढकलणारा पोरगा कुर्ल्याचा. वीस-बावीस वर्षांचा असेल. तो बॅग उतरवून बाजूला घेतो, आजी खुर्चीतून उठतात आणि फरशीवर मांडी घालून बसतात. हँडलला बांधलेली लाल नाडी सुटते. चेन उघडते. अळीव, डिंक, बाळंतशेपा, वावडिंग, कुळथाचं पीठ, आमसुलं, खारकांची पिशवी. सगळ्यांवर मऊ जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी, सात तरी असावीत. तळाशी, वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळलेल्या पाच वाट्या.

“मुलाला फोन लावू का? अजून बाहेरच असेल तर परत देऊ.” मी विचारते.

फोन लागतो. गाडी वाशीचा पूल ओलांडून पुढे गेलीय. भाड्याची गाडी, ड्रायव्हरला सकाळी दुसरं भाडं. दारातला जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतो, त्यामुळे पोचवायला आलेल्यांचा निरोप काचेपलीकडेच उरकतो. तो लांबवायचा तरी किती! आजी फोनवर एवढंच म्हणतात, “नको रे, फिरू नको मागे. मी बघते.”

मग त्या वाट्या पदरावर मांडतात आणि मला सांगू लागतात, जणू मी विचारलंच होतं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तसं वाडीतल्या बायकांनी ओटीसाठी म्हणून एकेक वाटी आणून दिली. ही त्यांच्या स्वतःच्या घरची, विहिरीवरच्या माडाची. ही जावेची. ही खालच्या आळीतल्या मास्तरीणबाईंची. ही म्हावरं घेऊन दारावर येणाऱ्या कोळणीची, तिने पैसे घेतले नाहीत. आणि ही सगळ्यात लहान, काळपट पाठीची वाटी दाईची. “हिच्या हातावर माझी पोर जन्मली. आता डोळ्यांना दिसत नाही तिला. चाचपडत आली होती द्यायला.”

“बाई, पण खोबऱ्याने यांचं काय बिघडतं?”

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही कैक वर्षं पडलेला आहे. उत्तर मागून येतं. माझ्या मागचा उंच, पिकल्या दाढीचा माणूस पुढे होतो. “पेटतं ते, आजी.”

तो बोटीवर बोसन आहे, हॅम्बुर्गला जहाज धरायला निघालाय. तोही फरशीवर उकिडवा बसतो. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त तेलच असतं, तो सांगतो. त्या तेलाला हवा लागली की आतल्या आत ऊब धरते. घरात फडताळात चार वाट्या असल्या तर ऊब उडून जाते, पण ढीग असला, जागा बंद असली, ओल असली की ती साठत जाते आणि काडी न लावता पेट घेतो माल. बोटीवर खोबरं भरलं की होल्डमधली हवा खेळती ठेवायची आणि रोज आतली उष्णता मोजायची. “धोक्याच्या मालाच्या यादीत त्याला नंबर आहे, 1363. साऱ्या जगात तोच नंबर. या मुलीने काय तिच्या मनाने नाही सांगितलं.”

काउंटरवरची मुलगी दुसऱ्या प्रवाशाचा पासपोर्ट हातात घेऊन ऐकत थांबलीय.

“तुम्ही कुठले?” आजी बोसनला विचारतात.

“दाभोळचा.”

“अगोबाई! पलीकडचेच की!”

मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. धोपाव्याला फेरीबोटीत चढलं की पलीकडे दाभोळ. दोघेही त्या बोटीतून कितीदा गेले असतील, शेजारी उभे राहिले असतील, आणि ओळख होते ती इथे. कोळणीचं नाव निघतं. बोसन तिच्या घरच्यांना ओळखतो, तिचा थोरला मुलगा त्याच्या भावाबरोबर शाळेत होता. आजी कोळणीची वाटी उचलून त्याच्या हातात देतात. “मग ही तुमचीच. इथंच खाऊन टाका. कचऱ्यात नाही टाकायची मी ही.”

बोसन वाटी ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर धरतो आणि तळहाताने दणका देतो. टण्ण! आवाज पार छतापर्यंत जातो. रांगेतल्या माना वळतात. खांद्याला बंदूक लावलेला जवान दोन पावलं पुढे येतो, पाहतो, म्हणतो, “जल्दी समेट लीजिए, माताजी,” आणि मागे सरतो. माझ्या हातावर तुकडा येतो. धुराचा हलकासा वास आहे त्याला, चुलीवरच्या माळ्याचा. सोबत एक खारीक. मागच्या एका बाई घड्याळ दाखवत मोठ्याने सुस्कारा सोडतात. त्यांच्यापुढेही तुकडा येतो. त्या मानेनेच नकार देतात. रांग अडली आहे हे खरंच आहे. आम्ही सगळे सामान ओढत बाजूला, खांबापाशी सरकतो.

खांबाला टेकून चौघे तरुण आधीच बसलेत. चौघांच्या बॅगा एकाच रंगाच्या, करकरीत नव्या, हातांत प्लास्टिकच्या फायली. सिवानहून आलेत, दमामला कामाला चाललेत. त्यांचं काउंटर अजून उघडलेलं नाही. दहावी न झालेल्या मजुरांना सौदीसारख्या अठरा देशांत नोकरीला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. ती मंजुरी, व्हिसा, करार असे कागद फायलीत आहेत आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी एकजण ते मोजतो.

आजी मास्तरीणबाईंची वाटी बोसनकडून फोडून घेतात आणि तुकडे त्यांच्यापुढे धरतात.

चौघेही हात मागे घेतात. वरून घोषणा चालूच आहे, अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू घेऊ नका. त्यांतला सगळ्यात लहान दिसणारा मला हलक्या आवाजात सांगतो, “एजंट ने मना किया है. किसी का कुछ नहीं लेना.” त्याचं बरोबर आहे. दुसऱ्याचं पुडकं बरोबर नेलं आणि त्यात भलतंच काही निघालं म्हणून परदेशी तुरुंगात गेलेल्यांच्या गोष्टी त्याच्या गावात पोचलेल्या असणार. त्याच्या जागी माझा मुलगा असता तर मीही त्याला हेच बजावलं असतं.

आजींना हिंदी बेताचीच येते. घोषणेचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेत की नाही कळत नाही, पण मागे गेलेले हात दिसतात. त्या त्याच वाटीतला एक तुकडा उचलतात, स्वतःच्या दाढेखाली घालतात आणि कुडुमकुडुम चावून गिळतात. मग हात पुन्हा पुढे. “घर का है. बच्चे के लिए.”

लहाना घेतो. मग बाकीचे तिघे. “खाना, और बच्चे को आशीर्वाद देना,” बोसन आजींचं पुढचं वाक्य हिंदीत आणून देतो. चौघांतला एक चावता चावता थांबतो. त्याचं स्वतःचं बाळ दोन महिन्यांचं आहे. दोन वर्षांचा करार आहे. एवढंच सांगून तो फायलीतले कागद पुन्हा मोजायला घेतो.

जावेची वाटी आसपासच्या खुर्च्यांतल्या आईबापांमध्ये वाटली जाते. एक नाशिकचे आजोबा, एक गुजराती जोडपं, कुणाकुणाचे दात नाहीत, ते तुकडा गालात धरून बसतात. आजींच्या घरच्या वाटीतला एक तुकडा काउंटरवरच्या मुलीकडे जातो. ती इकडेतिकडे पाहून तो ड्रॉवरमध्ये ठेवते आणि बॅग वजनाला लावते. बावीस किलो सहाशे.

उरते दाईची.

बोसन हात पुढे करतो, पण आजी ती देत नाहीत. अंगठ्याने तिची काळपट पाठ पुसत बसतात. साडेबारा वाजलेत. पुढे इमिग्रेशन आहे, सुरक्षा तपासणी आहे. कुर्ल्याचा पोरगा खुर्चीचा ब्रेक काढून उभा आहे, त्याला आजींना सोडून लगेच दुसरा प्रवासी आणायचाय. तरी तो घाई करत नाही. मनातल्या मनात मी त्याचे आभार मानते.

“तू कुठं जाणार रे?” आजी अचानक त्याला विचारतात.

“मी? कुठंच नाही, आजी. सकाळी सातला सुटलो की घरी.”

“विमानात नाही बसणार?”

“आमच्या घरात कुणीच नाही बसलं अजून.”

आजी वाटी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळतात, नीट, कोपरे दुमडून, आणि त्याच्या हातात ठेवतात. “मग ही फोडू नको. अख्खी घरी ने. आईला दे.”

तो ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून ठेवतो. दुसऱ्या हाताने खुर्ची सरळ करतो.

आजी खुर्चीत बसतात, पण निघू देत नाहीत. पिशवीतून एक छोटी वही निघते, दुधाच्या हिशेबाची. पेन माझ्याकडे येतं. “माझा चष्मा बॅगेत गेला, बाई. लिहून द्या. गावी परत गेले की एकेकीला सांगायला हवं, तुझी कुणाच्या तोंडात गेली ते. विचारतील त्या.”

मी गुडघ्यावर वही धरून लिहिते. जावेची: खुर्च्यांतले आजी-आजोबा, सातजण. मास्तरीणबाईंची: सौदीला जाणारे चौघे. कोळणीची: खाडीपलीकडचे बोसन. घरची: काउंटरवरची मुलगी. “आणि मी,” आजी म्हणतात, “मीपण खाल्लं, ते मास्तरीणबाईंच्यात घाला.” मी घालते. दाईची: कुर्ल्याच्या मुलाची आई.

खुर्ची हलते. दोन पावलांवर पुन्हा थांबते.

“तुमचं राहिलं की. कोळणीच्यातलं खाल्लंत ना तुम्ही? काय लिहिलंत?”

काहीच लिहिलेलं नाही. मी वही पुन्हा घेते आणि बोसनच्या खाली लिहिते: लिहून देणारी.