घर बरे की आरोग्यधाम?

लंबकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो, हे तुम्ही प्रयोगशाळेत पडताळून पाहिले असेल. त्या वेळी आपण फक्त लांबी बदलतो. बाकी सारे जसेच्या तसे ठेवतो. दोन उपचारयोजनांची तुलना करताना मात्र पंचाईत होते. एकसारखे गोळे मिळतात, एकसारखी माणसे कोठून आणायची?

दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या उपचारयोजनांचे, उपचार कोठे होतात यावरून, दोन ढोबळ वर्ग पडतात : रुग्णालयातील आणि घरच्या घरी. पूर्वी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवीत. मोकळी हवा, सकस आहार व विश्रांती हाच मुख्य उपचार असे. पण भारतात रोगी लाखांनी आणि खाटा काही हजार! १९५२ पासून आयसोनियाझिड हे गुणकारी औषध वापरात आले आणि प्रश्न उभा राहिला, रोगी घरी राहून बरा होईल का? घरच्यांना लागण तर होणार नाही?

उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रास (आताचे चेन्नई) येथे एक प्रयोग सुरू झाला. शहरातील १९३ गरीब रोग्यांचे दोन गट केले. निवड डॉक्टरांवर सोडली असती, तर अधिक आजारी रोगी त्यांनी आरोग्यधामात धाडले असते व तुलना फसली असती. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. औषधे दोन्ही गटांना सारखीच, वर्षभर. घरचे रोगी ठराविक दिवशी दवाखान्यात येऊन औषध नेत. ते नियमित घेतात की नाही, हे कर्मचारी घरी जाऊन पाहत.

वर्षअखेर काय दिसले? आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले होते. तेवढेच पाहिले असते, तर आरोग्यधाम जिंकले असते! पण जंतूंच्या तपासणीत रोग शमलेले रोगी आरोग्यधामात ९२ टक्के, तर घरी ८६ टक्के निघाले. फरक थोडाच. घरच्या माणसांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. रोगी घरी राहिल्यामुळे त्यांच्यात क्षय वाढल्याचे आढळले नाही. खाटेची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात, हे सिद्ध झाले.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची अमुक योजना उत्तम, असे तुमच्या वाचनात येईल. तेव्हा तीन प्रश्न विचारा. रुग्णांची वाटणी कशी केली? काय मोजले? आणि किती काळ मोजले?