भरतीच्या दोन रेघा

महाराष्ट्राची किनारपट्टी सुमारे 720 किलोमीटर लांबीची, असे आपण शाळेत घोकलेले असते. परंतु पाठीवर तंबू, कांबळे आणि दोन दिवसांचा शिधा बांधून जो मनुष्य रेवसहून दक्षिणेकडे पायी निघतो, त्याला पहिल्याच आठवड्यात कळून चुकते की हा किनारा किलोमीटरांत नव्हे, तर खाड्यांत मोजावयाचा असतो. कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, आणि सरतेशेवटी गोव्याच्या सरहद्दीवरची तेरेखोल! पलीकडच्या गावातली कौले, माड, दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा स्वच्छ दिसत असतात. पण होडी मिळाली नाही तर तेवढ्या टप्प्यासाठी पुलापर्यंतचा वळसा घेण्यात दिवस मोडतो. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला आता फेरीबोटी मोटारींसकट माणसे उतरवतात. लहानसहान खाड्यांवर मात्र होडीवाल्याला हाक घालून वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

खाड्यांइतकाच चालणाऱ्यावर अंमल चालतो तो भरतीओहोटीचा. ओलसर, घट्ट वाळूवर पावले झपाझप पडतात. तीच पुळण भरतीने गिळली की भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात, किंवा जांभ्या दगडाचा कडा चढून सड्यावर जावे लागते, जिथे सावली नाही आणि पाणीही नाही. यासाठी कोकणातल्या माणसापाशी पिढीजात हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा; दिवसाही तीच वेळ आणि रात्रीही जवळपास तीच. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतशी भरती या हिशेबापेक्षा थोडी आधी येते, हे ध्यानात ठेवावे आणि शंका आली तर गावातल्या कोळ्याला विचारावे. पंचांगाची एवढी रोकडी उपयुक्तता मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

तंबू ठोकण्याच्या बाबतीत मात्र मी एकदा चुकलो, आणि ती चूक सांगण्याजोगी आहे. केळशीच्या पुळणीवर, पौष पौर्णिमेस, दुपारच्या भरतीने मागे सोडलेली शेवाळ-शिंपल्यांची रेघ पाहून तिच्या वर दहा पावले मी खुंट्या मारल्या आणि निर्धास्त झोपलो. रात्री साडेअकराच्या सुमारास कांबळ्याखाली गार लागले. हात लावून पाहतो तो पाणी! पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीचे उधाण दिवसाच्या उधाणाहून वर चढते आणि पावसाळ्यात याच्या उलट घडते, हे मला दुसऱ्या दिवशी एका वृद्ध खलाशाने समजावले. म्हणून थोडे वर जाऊन, सुरूच्या फळांची आणि वाळक्या काटक्यांची जुनी, करडी पडलेली रेघ शोधावी. खरी हद्द तिची.

तथापि त्या जुन्या रेघेवरची वाळू आपल्या एकट्याची नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री नेमकी तिथेच वर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू थापटून परत फिरते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली वेळासला या घरट्यांची राखण सुरू केली, तेव्हापासून गावकऱ्यांनी जे जपले आहे, ते आपल्या एका शेकोटीने बिघडावे हे मला असह्य वाटते. कारण अंड्यातून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, आणि आपला कंदील त्यांना समुद्रापासून दूर नेतो. अशा गावी तंबू गुंडाळलेलाच ठेवावा व कुणाच्या पडवीत जागा मागावी. अन्यत्रही किनाऱ्यालगतची वाडी कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असते. मालकाची अथवा ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, पोलीस पाटलाच्या कानावर घालून मगच बिऱ्हाड मांडावे. बहुतेक ठिकाणी परवानगीबरोबर पाण्याची कळशीही मिळते.

पहाटेपर्यंत वारा फिरलेला असतो. दिवसा दर्याकडून येणारा खारा वारा पडून डोंगराकडचा गार मतलई सुटलेला असतो, तंबूच्या कापडावरचे दव ओघळू लागते, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर इवल्याशा खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी घालून ठेवलेली असते. तिच्यावर पाऊल न देता कडेकडेने निघावे. खाडीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत होडीवाला बहुधा उठलेला असतो.