ऑनलाइन वर्गात सम सापडते का?

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि नृत्याचे वर्ग बघता बघता मोबाइलच्या पडद्यावर आले. टाळेबंदी गेली, ऑनलाइन वर्ग मात्र राहिले. पुण्यातल्या शिक्षिकेकडे अमेरिकेतल्या मराठी घरातली मुलगी कथक शिकते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. नृत्य शिकवणाऱ्यांमध्ये मात्र यावर एकमत नाही. काहींना ही नाइलाजाने केलेली तडजोड वाटते, काहींना मोठी सोय. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते, कारण त्या नृत्याच्या वेगवेगळ्या अंगांबद्दल बोलत असतात. पडद्यावरून नृत्यातली रचना पोहोचते, चूकही बऱ्यापैकी दुरुस्त करता येते. पोहोचत नाही ती सोबत. आणि कथकमध्ये सोबतीशिवाय लय अंगात मुरत नाही.

वर्गात शिक्षिका हाताने ताल धरते, तोंडाने बोल म्हणते आणि समोरच्या रांगेचे पाय त्या बोलांवर पडतात. तीनतालाच्या १६ मात्रा, त्यातली पहिली ती सम. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. शिक्षिकेचा बोल इंटरनेटवरून मुलीपर्यंत जायला आणि तिच्या घुंगरांचा आवाज परत यायला तेवढा वेळ सहज लागू शकतो. मग मुलगी कानावर पडलेल्या बोलावर अचूक समेवर आली, तरी शिक्षिकेला ती मात्राभर मागे ऐकू येते. हा उशीर प्रत्येकीचा वेगळा आणि सतत बदलणारा, म्हणून दहा जणींना एका लयीत नाचवणे जमत नाही. त्यात व्हिडिओ कॉलची ॲप मुळात बोलण्यासाठी बनवलेली. घुंगरू आणि तबला त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो आवाज दाबून टाकतात. शेवटी बाकीच्यांचा आवाज बंद ठेवून एकेकीला नाचायला सांगावे लागते. वर्गात शेजारणीच्या पायांवरून आपला चुकलेला पाय आपोआप सावरला जातो. ती शिकवण इथे बंद पडते.

शरीराचेही तसेच आहे. पूर्ण आकृती दिसावी म्हणून मुलगी कॅमेऱ्यापासून लांब जाते. मग तत्कारात पाऊल पूर्ण सपाट पडले की नुसती टाच आपटली, हे त्या लहानशा चौकटीत कळत नाही. वर्गात शिक्षिका कोपराखाली बोट लावते आणि हात योग्य उंचीवर येतो. ऑनलाइन तेच शब्दांत सांगावे लागते, तेही मुलीचा उजवा-डावा सांभाळत. शिवाय घरातल्या कडक फरशीवर रोज पाय आपटल्याने गुडघे दुखत असतील, तर ते मुलीने सांगितल्याशिवाय समजत नाही.

यावर आक्षेप येतो की एवढ्या उणिवा असतील तर हे वर्ग बंदच का करू नयेत? उत्तर असे की ज्या गावात कथक शिकवणारे कुणीच नाही, तिथल्या मुलीपुढे ऑनलाइन वर्ग नाही तर काहीच नाही, एवढाच पर्याय असतो. आणि काही गोष्टी पडद्यावर खरोखर चांगल्या होतात. एकेकीला नाचावे लागल्याने रांगेच्या आड कुणी लपत नाही. हाताने ताल धरून बोल म्हणण्याची पढंत, तालाची लिपी, तोडा किंवा तिहाईचे गणित हे सारे समोरासमोर बसल्यासारखे शिकवता येते. लयीच्या अडचणीवरही अंशतः उपाय आहे. लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी धून, शिक्षिकेने न लावता मुलीने आपल्या घरी लावायचा. मग लेहरा आणि घुंगरू दोन्ही बहुधा सारख्याच उशिराने शिक्षिकेपर्यंत पोहोचतात आणि मुलगी समेवर आली की नाही, हे नीट ऐकू येते. पण हा उपाय परीक्षा घेण्यापुरता. यंत्रातला लेहरा कुणासाठी थांबत नाही. नाचणारीचा अंदाज घेऊन साथ करणारा तबलजी तिथे नसतो.

दुसरा मुद्दा पैशांचा. जागेचे भाडे नाही, तर फी कमी हवी, असे पालकांना वाटते. परंतु एकेकीकडे वेगळे पाहण्यात, पाठवलेले व्हिडिओ तपासण्यात शिक्षिकेचा वेळ उलट वाढतो. फी त्या नजरेची असते, खोलीची नव्हे.

म्हणून कामाची वाटणी करणे शहाणपणाचे. पहिली काही वर्षे पाय, पाठ आणि लय घडत असताना मुलीने शक्यतो वर्गातच शिकावे. पाया पक्का झालेल्या विद्यार्थिनीला उजळणी, पढंत आणि नव्या रचना ऑनलाइन चालतील; मात्र अधूनमधून गुरूसमोर उभे राहणे तिनेही टाळू नये. दूर राहणाऱ्यांसाठी सुटीतली आठ-दहा दिवसांची कार्यशाळा त्यासाठीच हवी. घरी लेहऱ्यावर सम एकटीला गाठता येते. पण तबल्याच्या थापेवर रांगेतल्या सगळ्यांचे पाय एका क्षणी पडतात, तेव्हाची सम अनुभवायला एकाच जमिनीवर उभे राहावे लागते.