माळ्यावरच्या सामानातून घरची पार्टी

मागच्या वेळी आपण माळा रिकामा कसा करायचा ते पाहिलं. आज खाली उतरवलेल्या सामानातून घरच्या समारंभाची सजावट आणि वाढायची भांडी कशी करायची, ते बोलू. वाढदिवस असो, बारसं असो की लग्नाची चाळिशी, बाजारातून आणलेली सजावट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. शिवाय १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचं थर्मोकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू वापरणं आता नुसती हौस राहिलेली नाही.

पण आधी माझी चूक सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्या चुकीतून आलेलं आहे.

नातवाचा सहावा वाढदिवस होता. माळ्यावर आईचं मोठं पितळी पातेलं सापडलं. बाहेरून हिरवट, आतून काळपट करडं. फौजेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मळकं पितळ बघवत नाही. बेल्टचं बक्कल असो की मेसमधला पेला, चकाकलंच पाहिजे. मी चिंच, मीठ आणि तारेची घासणी घेऊन दोन तास बसलो. पातेलं बाहेरून सोन्यासारखं झालं. आतूनही झालं. सकाळी त्यात कैरीचं पन्हं करून ठेवलं, संध्याकाळी डावाने ग्लासात वाढलं. अर्ध्या तासात पहिलं मूल ओकलं. मग दुसरं. एकूण सात मुलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पन्हं कशात ठेवलं होतं?" रात्रीपर्यंत सगळी मुलं ठीक झाली, पण आयांच्या नजरा मी विसरलेलो नाही. घरी आल्यावर पत्नी पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "अहो, ही आतली कल्हई होती. ती मळ समजून घासून काढलीत तुम्ही!"

नेमकं काय झालं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्यात राहिला की तांबं विरघळून पदार्थात उतरतं. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, उलट्या होतात. म्हणून आपल्याकडे पितळी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं. वापरून वापरून हा थर काळपट पडतो आणि अनोळखी माणसाला तो मळ वाटतो.

आता गंमत बघा. चिंचेने पितळ का चकाकतं? चिंचेतलं आम्ल वरचा काळवंडलेला थर विरघळवतं म्हणून. सकाळी चिंचेने बाहेरून जे केलं, तेच दिवसभर कैरीने आतून केलं. फरक इतकाच, की चिंचेचं पाणी मी मोरीत ओतलं आणि कैरीचं मुलांना पाजलं. तेव्हा पहिला धडा: चकाकी म्हणजे स्वच्छता नव्हे.

आधी बोर्ड बसवा

फौजेत कुठलीही वस्तू मोडीत काढायची तर बोर्ड बसतं. अधिकारी प्रत्येक वस्तू हातात घेऊन ठरवतात: चालू, दुरुस्तीजोगी की बाद. घरीही तेच करा. जमिनीवर चादर पसरा आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: हिला अन्न लागणार आहे का? उत्तराप्रमाणे तीन ढीग होतील.

पहिला ढीग वाढायचा. यात स्टेनलेस स्टीलची ताटं, वाट्या, फुलपात्रं आणि साध्या पारदर्शक काचेच्या बरण्या. आंबट, तिखट, गोड, काहीही ठेवा, चिंता नाही. कल्हई शाबूत असलेलं पितळ इथे येईल, पण आंबट सोडून. कल्हई गेली असेल तर नवी करून घ्या. हिंदी भागात कलई विचारा, कर्नाटकात कलाय, तमिळनाडूत ईयम पूसणारा. शुद्ध कथील वापरायला सांगा, शिसं मिसळलेलं नको. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, थर ओघळून जाईल.

दुसरा ढीग नुसता मांडायचा. तांब्याचं घंगाळ, कल्हई गेलेलं पितळ, टवका उडालेली चिनी माती, जुन्या रंगीत नक्षीच्या बश्या, कडेला सोनेरी रंग दिलेले पेले. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसं असू शकतं. यांत फुलं ठेवा, चमचे ठेवा, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या ठेवा. घंगाळात पाणी भरून झेंडूच्या पाकळ्या तरंगवा, दारातच शोभा येते. अन्न ठेवायचंच असेल तर आत काचेचा वाडगा बसवा. माझं ते पितळी पातेलं आता असंच वापरतो. आत काचेची बरणी, भोवती बर्फ. पन्हं थंड राहतं आणि पितळाला लागतही नाही.

तिसरा ढीग बाद. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे कितीही सुंदर असले तरी धुऊन घरात आणू नका. गंजलेला पत्रा, तडे गेलेलं मेलामाइन, खरवडलेलं नॉनस्टिक, सगळं भंगारात.

यात वर्तमानपत्राबद्दल एक शब्द. भेळेचे कोन वर्तमानपत्राचे करायची हौस अनेकांना असते, मलाही होती. पण छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट, गरम पदार्थात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याविरुद्ध सूचना काढली आहे. कोन करायचेच तर केळीच्या पानाचे करा, किंवा वर्तमानपत्राच्या कोनात पानाचं अस्तर द्या.

तीन मजली ताटली

आता करून बघण्यासारख्या दोन गोष्टी. पहिली, लाडू-वड्या मांडायची तीन मजली ताटली. स्टीलचं बारा इंची ताट, दहा इंची ताट आणि सात इंची ताटली घ्या. खांब म्हणून दोन फुलपात्रं. जिथे चिकटवायचं तिथे पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरबरीत करा, नाहीतर गुळगुळीत स्टीलवर काहीच धरत नाही. दोन नळ्यांतून येणारं एपॉक्सी समप्रमाणात मिसळा. मोठ्या ताटाच्या मधोमध फुलपात्र पालथं चिकटवा, त्याच्या बुडावर दुसरं ताट, मग पुन्हा तसंच. चोवीस तास हात लावू नका.

मग परीक्षा घ्या. प्रत्येक मजल्यावर जेवढे लाडू ठेवणार त्याच्या दुप्पट वजनाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवून रात्रभर सोडा. सकाळी उभी असेल तर पास. वाढताना प्रत्येक मजल्यावर केळीचं पान किंवा बटर पेपर घाला, म्हणजे पदार्थाला गोंद लागणार नाही. धुताना कोमट पाणी पुरे. उकळतं पाणी ओतलंत तर एपॉक्सी मऊ पडतं.

साडीचं तोरण

पूर्वी जुन्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलची भांडी घ्यायची रीत होती. आमच्या घरातली निम्मी फुलपात्रं तिच्याकडचीच. आता बोहारीण क्वचितच येते आणि साड्या कपाटात पडून राहतात. एका विरलेल्या सुती साडीचं पूर्ण हॉलभर तोरण होतं. हिशेब असा: साडी साडेपाच मीटर लांब, सुमारे ११० सेंटीमीटर रुंद. दोन्ही काठ कापून एकमेकांना जोडले की ११ मीटरची पट्टी मिळते, तीच तोरणाची दोरी. उरलेल्या कापडातून १८ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच त्रिकोण कापा, एक सुलट, एक उलट, म्हणजे कापड वाया जात नाही. एक मीटर कापडात पन्नास त्रिकोण बसतात. दर २५ सेंटीमीटरला एक शिवलात तर ११ मीटरला ४४ लागतात. म्हणजे चार मीटरहून जास्त कापड उरतं, त्याचे रुमाल करा. नागमोडी कात्री मिळाली तर कडा दुमडायलाही नकोत.

कापण्याआधी कापड कशाचं आहे ते तपासा. एक धागा चिमट्यात धरून मोरीजवळ पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राख होते. कृत्रिम धागा वितळून गोळा होतो. बडाखान्याला बाद झालेल्या पॅराशूटचं छत आम्ही लावायचो, दिसायला राजेशाही. पण ते नायलॉन, वितळून अंगावर पडलं तर कातडी सोडत नाही. म्हणून छताखाली मेणबत्ती लावायची नाही हा नियम होता. सुती कापडही पेट घेतंच, तेव्हा तुमच्या घरीही तोरणाजवळ ज्योत नको. बरणीत एलईडीची माळ सोडा. खरा दिवाच हवा असेल तर रुंद तोंडाची बरणी घ्या, तळाशी दोन बोटं पाणी घाला, त्यावर तरंगता दिवा सोडा आणि ती कापडापासून लांब ठेवा. बरणीवरचं लेबल साबणाच्या कोमट पाण्यात निघतं आणि राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाने.

पुढच्या वर्षी नातवाच्या सातव्या वाढदिवसाला मी हे सगळं केलं. आधीच्या सात मुलांपैकी पाच आली. त्यांतल्या एकीची आई पन्ह्याच्या टेबलाशी आली, काही न बोलता पातेल्यात वाकून पाहिलं, आतली काच बोटाने वाजवली आणि मग मुलीला ग्लास भरून दिला. तिने पाहिलं याचं मला वाईट वाटलं नाही. पाहायलाच हवं होतं. तेव्हा मंडळी, जुनी वस्तू वापरा, जरूर वापरा, पण वाढण्याआधी एकदा आत डोकावून पाहा.

पुढच्या भागात जुन्या लाकडी पेट्यांचं बघू. जय हिंद.