चमत्कार आणि जीवोत्पत्ती : फेअरबँकच्या पक्ष्याच्या निमित्ताने

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक (१८२२-१८९८) यांनी दीर्घकाळ धर्मकार्य केले. हा धर्मोपदेशक पक्षी आणि गोगलगाई यांचाही साक्षेपी संग्राहक होता. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. त्यानंतर दहाच वर्षांनी पळणी डोंगरातील एका पक्ष्याला ब्लॅनफर्डने फेअरबँक यांचे नाव दिले. पुढे २०१७ साली आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून हा पक्षी व त्याचे तीन सगोत्र ‘माँटेसिंक्ला’ या नव्या प्रजातीत गणले गेले. उंच डोंगरांवरील शोलावने ही जणू बेटेच. पालघाटसारख्या खिंडींनी दुरावलेल्या समूहांतून कालांतराने भिन्न जाती झाल्या. धर्मोपदेशकाच्या नावाचा पक्षी असा क्रमविकासाचा साक्षीदार ठरला!

मग काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, हे मानावयास जागा उरते काय? आमच्या मते या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. योहानाच्या शुभवर्तमानात अशा कृत्यांना ‘चिन्ह’ म्हटले आहे, आणि चिन्ह उठून दिसावयास निसर्गाचा नित्यक्रम गृहीतच धरावा लागतो. पाण्याचा द्राक्षारस रोज होऊ लागला, तर त्याची दखल कोण घेईल? उलट, निर्मितीचा सिद्धान्त हा नित्यक्रमच ईश्वराधीन मानतो; सृष्टीत पुढे प्रकट होणाऱ्या गोष्टींची बीजे आरंभीच पेरलेली होती, असे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच मांडले होते. डार्विनचा स्नेही, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, हा श्रद्धावान ख्रिस्ती असूनही क्रमविकासाचा पुरस्कर्ता होता. म्हणून जीवांच्या वंशावळीतील अज्ञात दुव्यांच्या जागी चमत्कार बसविणे आम्हांस धर्मदृष्ट्याही घातक वाटते; नवा दुवा सापडला की श्रद्धेची तेवढी जमीन गेलीच.

चमत्कारावरील खरा आक्षेप जीवशास्त्राचा नव्हे, ह्यूमचा आहे. एकरूप अनुभवाविरुद्ध कोणाची साक्ष किती ग्राह्य मानावी, हा त्याने १७४८ साली उपस्थित केलेला प्रश्न ऐतिहासिक पुराव्याचा आहे. त्याचा निकाल जीवाश्मांच्या थरांत लागणार नाही. जीवोत्पत्तीशास्त्राशी थेट गाठ पडते ती अन्यत्र. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका आदामाच्या अपराधासमोर एका ख्रिस्ताची कृपा ठेवतो, तर आनुवंशिकीच्या मते मानवजात एका जोडप्यापासून नव्हे, हजारोंच्या समूहातून उद्भवली. आदाम हा ऐतिहासिक पुरुष की मानवजातीचे प्रतिरूप, याविषयी ख्रिस्ती विद्वानांत अद्याप एकमत नाही. आणि द्राक्षारसाच्या रांजणांपेक्षा हा पेच कितीतरी अवघड आहे.