सूर चुकला तर शब्द चुकला!

'हो' हा शब्द आनंदाने, कंटाळून आणि संशयाने उच्चारून पाहा. आवाज वर गेला, खाली आला. पण 'हो'चा अर्थ 'हो'च राहिला. मराठीत सूर मनातला भाव सांगतो. चीनच्या प्रमाणभाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, सूर हा शब्दाचाच भाग असतो. तेथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाची पहिली कसोटी लागते ती इथेच.

समजा, बीजिंगच्या खाणावळीत तुम्ही 'थांग' मागितले. आवाज उंच आणि सपाट ठेवला तर त्याचा अर्थ सूप. खालून वर चढवला तर साखर! बाजारात 'माय' हा शब्द आवाज खाली दाबून म्हटला तर 'विकत घेणे', वरून झटकन खाली आणला तर 'विकणे'. सारा व्यवहारच उलटा!

असे का होते? गळ्यातील स्वरतंतू ताणले गेले की ते अधिक वेगाने कंप पावतात व आवाज चढतो. सैल पडले की उतरतो. बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा कंप पावतात, तर स्त्रीचे २००च्या आसपास. मग वडिलांचे आणि मुलीचे 'थांग' एकच कसे ठरते? कारण आपला कान कंपनांचा आकडा मोजत बसत नाही. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पट्टीत सूर कोठून कोठे गेला, एवढेच तो पाहतो. गाणे काळी एकमध्ये म्हटले काय किंवा पांढरी चारमध्ये, चाल तीच राहते, तसेच हे.

युएन रेन चाओ या भाषाशास्त्रज्ञांनी १९३० साली या पट्टीच्या पाच पायऱ्या कल्पिल्या. त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काही काळ भौतिकशास्त्रही शिकवले होते! त्यांच्या पद्धतीत सूप म्हणजे ५-५, साखर ३-५, विकत घेणे २-१-४ आणि विकणे ५-१.

आपल्याला काही उच्चार मात्र सोपे जातात. 'ता' म्हणजे मोठा, 'था' म्हणजे तो. तोंडासमोर तळहात धरून दोन्ही म्हणा. 'था'ला हवेचा झोत जाणवेल. निरोपाच्या 'चाय-च्येन' या शब्दातला पहिला 'च' चमच्यातला, तर दुसरा चहातला! प्रश्नासाठी शेवटी 'मा' जोडतात, अगदी आपल्या 'का'सारखा. 'नी हाओ मा?' म्हणजे 'तुम्ही बरे आहात का?' प्रश्नाचे काम 'मा' करतो. म्हणून मराठी सवयीने इतर शब्दांचे सूर बदलू नयेत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तेथे चिनी भाषा शिकले. रुग्णाचे दुखणे त्याच्याच बोलीत कळावे लागते ना!

तुम्हीही चिनी शब्द वहीत लिहाल, तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या सुराची रेघ काढा: सपाट, चढती, दबून वर येणारी किंवा उतरती. मग मित्राला नुसता सूर गुणगुणून दाखवा. त्याने योग्य रेघेवर बोट ठेवले, तर तुमचा सूर बरोबर!