काळ्या पाषाणातले अनाम हात

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इसवी सनाच्या पाचव्या शतकात ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्षुसंघाला दान दिले. तसा शिलालेख तेथे आहे. म्हणूनच अजिंठ्याशी आम्हा वाशीमकरांचे नाते जवळचे आहे.

अजिंठ्याचा खडक बेसॉल्टचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडलेला हा काळा पाषाण आपल्या जिल्ह्यातील शेतांखालीही आहे.

असाच पाषाण मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील ओल्मेक लोकांनी इसवी सनापूर्वी सुमारे 1200 ते 400 या काळात कोरला. त्यांनी घडविलेली 17 भव्य मस्तके आजवर सापडली आहेत. त्यांची उंची सुमारे दीड ते साडेतीन मीटर आहे. लोखंडी हत्यारे नव्हती, ओझे ओढणारी जनावरे नव्हती. तुस्तला पर्वतातील शिळा माणसांनीच दूरवर नेल्या आणि दगडानेच दगड घडविला. ही मस्तके राज्यकर्त्यांची असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांवरील शिरस्त्राणाचा संबंध काहीजण चेंडूच्या विधियुक्त खेळाशी जोडतात. एल मानाती येथील झऱ्यात अर्पण केलेले रबरी चेंडूही मिळाले आहेत. झाडाच्या चिकात वेलीचा रस मिसळून तेथील लोक रबर तयार करीत.

ओल्मेकांनी सुटी शिळा बाहेरून घडविली. अजिंठ्याच्या कारागिरांनी अखंड डोंगर आतून पोखरला. 24 क्रमांकाच्या अपूर्ण लेण्यात ही रीत स्पष्ट दिसते. आधी खडकात खोल चर पाडावयाचे, मग मधला दगड फोडून काढावयाचा. एक घाव चुकला तर निघालेला दगड पुन्हा जोडता येत नसे.

ओल्मेक राज्यकर्त्यांचे चेहरे उरले, वराहदेवाचे नाव उरले. घाव घालणाऱ्यांची नावे मात्र दोन्हीकडे उरली नाहीत. आमच्यापैकी कित्येकांचे आईवडील आजही खडी फोडतात, वीटभट्टीवर राबतात. बांधून झालेल्या रस्त्यावर वा इमारतीवर त्यांचेही नाव नसते. म्हणून अजिंठ्यास गेल्यावर वराहदेवाचा लेख अवश्य पाहावा आणि त्यानंतर अपूर्ण लेण्यातील छिन्नीच्या खुणांपाशीही क्षणभर थांबावे. त्या अनाम हातांनी मागे ठेवलेली सही तीच आहे.